सहारवर भरलेले इंधन : जानेवारी १९९१ मधल्या एका परवानगीचे प्रकरण

१९९१ च्या जानेवारीत मुंबईच्या सहार विमानतळावर अमेरिकी हवाई दलाची सी-१४१ जातीची मालवाहू विमाने उतरत होती. फिलिपिन्समधल्या तळांवरून निघून ती आखाताकडे जात. मुंबई, मद्रास आणि आग्रा या तीन ठिकाणी त्यांना इंधन मिळत होते. सुरुवात झाली ९ जानेवारीच्या सुमारास. देशाला हे कळले महिन्याच्या अखेरीस, वृत्तपत्रांतून. सहारवर उभ्या असलेल्या विमानाचे छायाचित्र छापून आले आणि दिल्लीत वादळ उठले.

परकी लष्करी विमानांना आपली हवाई हद्द आणि धावपट्टी वापरू देण्याचा अधिकार कोणाचा, तो कसा वापरावा आणि कोणाला सांगून वापरावा, हे तीन प्रश्न आपल्याकडे एकाच वेळी इतक्या उघडपणे क्वचितच समोर आले. म्हणून हे प्रकरण जरा खोलात जाऊन पाहायला हवे. माझे मत आधीच सांगतो. परवानगी दिली ही मोठी चूक नव्हती. ९ जानेवारीला दिलेल्या परवानगीचा अर्थ १७ जानेवारीला पार बदलला आणि तरी कोणी तो कागद पुन्हा हातात घेतला नाही, ही चूक होती.

विनंती आली तेव्हाची परिस्थिती

इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत गिळले तेव्हा दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार होते. भारताची पहिली काळजी होती ती तिथल्या आपल्या माणसांची. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दाम हुसेन यांनी त्यांना मिठी मारली, ते छायाचित्र जगभर गेले आणि त्यावरून गुजराल यांच्यावर टीकाही झाली. पण वाट मोकळी झाली. जॉर्डनची राजधानी अम्मानहून मुंबईला एअर इंडियाची ४८८ उड्डाणे झाली आणि एक लाखाहून अधिक माणसे घरी आली. ती उतरली याच सहारवर. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांना त्या ऑगस्ट ते ऑक्टोबरचे दिवस अजून आठवत असतील. वर्षानुवर्षांची कमाई कुवेतमध्ये टाकून, हातात एक पिशवी घेऊन परतलेली ती माणसे होती. पाच महिन्यांपूर्वी इराकच्या मेहेरबानीने सुटलेली आपली माणसे ज्या विमानतळावर उतरली, तिथेच आता इराकविरुद्धच्या मोहिमेची विमाने टाकी भरून घेत होती.

मधल्या काळात सरकार बदलले होते. ७ नोव्हेंबरला विश्वनाथ प्रताप सिंह यांनी विश्वासदर्शक ठराव गमावला. १० नोव्हेंबरला चंद्रशेखर पंतप्रधान झाले. त्यांच्यामागे स्वतःचे साठेक खासदार. बाकीचा डोलारा उभा होता राजीव गांधींच्या काँग्रेसने बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर, आणि काँग्रेसचे १९८९ मध्ये निवडून आलेले खासदार होते १९७. म्हणजे ज्याच्या हाती सही करण्याचा अधिकार होता त्याच्या हाती बहुमत नव्हते, आणि ज्याच्या हाती बहुमत होते त्याच्यावर सहीची जबाबदारी नव्हती. ही गोष्ट पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे.

अमेरिकेला काय हवे होते ते सरळ आहे. फिलिपिन्सपासून आखातापर्यंतचा पल्ला हजारो किलोमीटरचा. विमानात इंधन जास्त भरावे तर माल कमी न्यावा लागतो, माल जास्त न्यावा तर वाटेत थांबावे लागते. भारतावरून सरळ रेषेत जाता आले आणि मध्ये एक थांबा मिळाला, तर प्रत्येक फेरीत अधिक सामान नेता येते. भारत नाही म्हणाला असता तरी युद्ध अडले नसते. दक्षिणेकडून, हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियाच्या बाजूने वळसा होताच. अमेरिकेच्या दृष्टीने हा सोयीचा भाग होता. शीतयुद्धात सोव्हिएत संघाच्या जवळ राहिलेला भारत आपल्या विमानांना धावपट्टी देतो, यात मात्र सोयीपलीकडचे काही होते, आणि ते दोन्ही राजधान्यांना ठाऊक होते.

हवाई हद्दीचा नियम

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीसाठी झालेल्या १९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम सांगते की प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचे सार्वभौमत्व आहे. तिसरे कलम त्याहून महत्त्वाचे. लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस यांच्या सेवेतली विमाने ही शासकीय विमाने. नागरी विमानांना मिळणाऱ्या सवलती त्यांना लागू नाहीत. दुसऱ्या देशावरून उडायचे किंवा तिथे उतरायचे असेल तर त्या देशाची खास परवानगी हवीच. पस्तिसावे कलम युद्धसामग्रीचे आहे: नागरी विमानातूनसुद्धा ती दुसऱ्या देशावरून न्यायची तर त्या देशाची अनुमती लागते.

आपल्याकडे वाट अशी आहे. परक्या देशाचा दूतावास परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्ज करतो. विमान कोणते, मार्ग कोणता, कधी येणार, आत काय आहे, हे त्यात असते. मंत्रालय हवाई दलाच्या मुख्यालयाचे मत घेते. होकार मिळाला की मंजुरीचा क्रमांक दिला जातो, आणि प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळी हवाई संरक्षणाचा वेगळा क्रमांक घ्यावा लागतो, म्हणजे रडारवर दिसणारा ठिपका कोणाचा हे जमिनीवर बसलेल्याला कळते. नागरी विमानांची वाट वेगळी, ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातून जाते.

ही यंत्रणा वर्षभर शांतपणे चालते. कुठल्या तरी देशाचे प्रमुख येतात, संयुक्त सरावासाठी विमाने येतात, भूकंपात मदत येते. शेकडो परवानग्या दिल्या जातात आणि त्यांची बातमी होत नाही; व्हायचे कारणही नाही. संसदेची मंजुरी यात कुठेच लागत नाही. आपल्या राज्यघटनेत हा कार्यकारी सत्तेचा भाग आहे. याउलट तुर्कस्तानात परकी सैन्याला देशात येऊ द्यायचे तर संसदेचे मत घ्यावे लागते. १ मार्च २००३ रोजी तिथे अमेरिकी फौजांच्या प्रस्तावाला २६४ मते मिळाली, विरोधात २५० पडली, १९ जण तटस्थ राहिले, आणि उपस्थितांचे बहुमत न भरल्यामुळे प्रस्ताव पडला. महासत्तेने एवढी तयारी केली असताना तीन मतांनी दार बंद झाले. काही दिवसांनी फक्त हवाई हद्दीपुरती परवानगी त्याच संसदेने दिली. तो निर्णय कोणाला पटो वा न पटो, कोणी कशाला हो म्हटले हे तिथे मोजून दाखवता येत होते.

सहारच्या बाबतीत असे मोजायला काही नव्हते.

९ आणि १७ जानेवारी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

९ जानेवारीला आखातात युद्ध नव्हते. सुरक्षा परिषदेने २९ नोव्हेंबर १९९० रोजी ठराव क्रमांक ६७८ संमत करून इराकला कुवेत सोडायला १५ जानेवारीपर्यंत मुदत दिली होती. वाटाघाटी चालू होत्या. त्या आठवड्यात उतरलेल्या विमानाकडे तैनातीसाठी निघालेले विमान म्हणून पाहता येत होते. १७ जानेवारीच्या पहाटे बगदादवर बॉम्ब पडू लागले. त्यानंतर सहारवर उतरलेले विमान युद्ध करणाऱ्या सैन्याच्या रसदीचा भाग झाले. विमान तेच, तेल तेच, क्रमांक देण्याची पद्धतही तीच. भारताची भूमिका मात्र रातोरात वेगळी झाली होती.

सरकारच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. एक, या विमानांत मारक शस्त्रे नाहीत. दुसरी, अमेरिकी लष्करी विमानांना भारतावरून उडू देण्याची प्रथा नवी नाही, ती आधीच्या सरकारच्या काळापासून चालत आली आहे. दोन्ही उत्तरे तांत्रिक अंगाने मांडता येतात, पण ती मूळ प्रश्नापासून दूर राहतात. युद्धात जेवणाचे डबे, तंबू आणि सुटे भाग यांवरच सैन्य उभे असते. मारक आणि बिनमारक ही वाटणी कस्टमच्या फॉर्मवर चालते, रणांगणाच्या हिशेबात तिचा फारसा उपयोग नाही. आणि डोक्यावरून जाऊ देणे वेगळे, अंगणात उतरवून टाकी भरून देणे वेगळे. पहिल्यात आपण अडवत नाही. दुसऱ्यात आपण हात लावतो.

हा फरक भारताला इतर कोणापेक्षा जास्त माहीत असायला हवा होता, कारण वीस वर्षांपूर्वी आपण त्याच्या दुसऱ्या बाजूला उभे होतो. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ विमान पळवून लाहोरला नेले गेले आणि तिथे जाळले गेले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जाणारी विमाने मग समुद्रावरून लांबचा वळसा घालून कोलंबोत उतरू लागली आणि तिथे इंधन घेऊ लागली. पूर्व बंगालमध्ये काय चालले होते हे जगाला दिसत होते, आणि श्रीलंकेने दिलेला तो थांबा दिल्लीला मनापासून खटकला होता. श्रीलंका त्या युद्धात कोणाच्या बाजूने उतरली नव्हती. तिने फक्त धावपट्टी आणि तेल दिले होते. १९९१ मध्ये सहारने जे दिले तेही तेवढेच.

हे तोलून पाहताना सरकारच्या बाजूची एक भक्कम गोष्ट मात्र विसरता येत नाही, आणि आश्चर्य वाटते की त्या वादात ती पुरेशा जोराने मांडली गेली नाही. ठराव ६७८ च्या तिसऱ्या परिच्छेदात सर्व देशांना या कारवाईला योग्य ते साहाय्य करण्याची विनंती आहे. १ जानेवारी १९९१ पासून भारत स्वतः सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता. ‘संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाला अनुसरून, मालवाहू विमानांना, अमुक मुदतीपर्यंत, अमुक अटींवर आम्ही इंधन देत आहोत’ असे पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सांगितले असते तर विरोध झाला असता, मोर्चे निघाले असते, पण सरकारला उभे राहायला जमीन असती. १९७१ च्या कोलंबोपेक्षा हे प्रकरण वेगळे कसे, हेही सांगता आले असते: तिथे कोणताही आंतरराष्ट्रीय ठराव पाठीशी नव्हता. पण गुपचूप दिलेल्या परवानगीसाठी मागाहून काढलेला ठराव हा युक्तिवाद राहत नाही, ती सबब होते. लोकांना ते लगेच कळते.

तिजोरीचा संदर्भ

या निर्णयामागे पैसा होता का? त्या वेळचे वाणिज्य आणि कायदामंत्री सुब्रमण्यम स्वामी यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे की इंधनाला होकार द्यावा असा सल्ला आपण दिला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज मिळायला अमेरिकेची मदत झाली. हा त्यांचा दावा आहे. पडताळता येण्यासारख्या गोष्टी दोन. जानेवारी १९९१ मध्ये नाणेनिधीने भारताला सुमारे १.८ अब्ज डॉलर मंजूर केले. आणि नाणेनिधीत सर्वांत मोठा मतवाटा अमेरिकेचा आहे. या दोन गोष्टी एकाच महिन्यात शेजारी उभ्या आहेत. त्यांना जोडणारी लेखी अट कोणी दाखवलेली नाही.

तिजोरीची अवस्था मात्र वादाच्या पलीकडे आहे. कुवेत प्रकरणाने तेल महागले, आखातातून येणाऱ्या मनिऑर्डरी थांबल्या, परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने परदेशी विकावे लागले. जुलैत, नव्या सरकारच्या काळात, रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने गहाण ठेवण्यासाठी विमानाने बाहेर गेले, तेही मुंबईहूनच. अशा घरात बसलेल्या माणसाने बलाढ्य देशाच्या विनंतीला नाही म्हणणे किती अवघड होते हे समजू शकते. चंद्रशेखर यांच्याबद्दल लिहिताना हे भान सुटू नये असे मला वाटते. बहुमत नाही, चलन नाही, आणि समोर महासत्तेची विनंती. पण नेमकी हीच अवस्था असताना निर्णय चारचौघांत घ्यावा लागतो, कारण एकट्याने घेतलेल्या निर्णयाचे ओझे एकट्यालाच उचलावे लागते.

झालेही तसेच. राजीव गांधींनी टीका सुरू केली, अलिप्ततेच्या धोरणाला हे सोडून आहे असे सांगितले. डावे पक्ष आधीच रस्त्यावर होते. निवडणूक केव्हाही येईल असे वातावरण होते आणि आखाती युद्धाबद्दल देशात, विशेषतः मुस्लिम समाजात, तीव्र भावना होत्या. काँग्रेसने पाठिंबा काढायची भाषा सुरू केल्यावर सरकारपाशी पर्याय उरला नाही. फेब्रुवारीच्या मध्याला इंधन देणे थांबले. २८ फेब्रुवारीला आखातात युद्धबंदी झाली, म्हणजे थांबवण्याचा लष्करी परिणाम जवळपास शून्य होता. राजकीय परिणाम मोठा होता: होकार आणि नकार दोन्ही सहा आठवड्यांच्या आत, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच्या दबावाखाली, असे चित्र जगापुढे गेले. अमेरिकेचा विश्वास बसला नाही आणि अरब मित्रांचीही समजूत निघाली नाही. २ मार्चला सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या अटींचा ठराव ६८६ मताला आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्यानंतर चारच दिवसांनी, राजीव गांधींच्या घरावर हरियाणाच्या दोन पोलिसांनी पाळत ठेवल्याच्या वादातून, चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला.

इंधनामुळे सरकार पडले असे म्हणणे चूक ठरेल. पण बाहेरून पाठिंबा देणाऱ्याला तो कधी काढता येतो हे इंधनाच्या वादाने दाखवून दिले होते.

त्यानंतरचे मुंबईचे आकाश

यंत्रणेचा दुसरा चेहरा दाखवणारी एक घटनाही मुंबईचीच आहे. जून २००९ मध्ये अमेरिकी लष्कराने भाड्याने घेतलेले अँतोनोव्ह-१२४ हे प्रचंड मालवाहू विमान दिएगो गार्सियाहून कंदाहारकडे निघाले होते. परवानगीची कागदपत्रे एक सांगत होती आणि विमानाने रेडिओवर दिलेली ओळख दुसरेच. हवाई दलाने ते मुंबईत उतरवले, चौकशी झाली, कागद नीट झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते गेले. भाड्याचे विमान नागरी मानायचे की लष्करी, हा शिकागो करारातल्या तिसऱ्या कलमाचा प्रश्न अचानक सांताक्रूझच्या धावपट्टीवर येऊन उभा राहिला होता. १९९५ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियावर शस्त्रे टाकून गेलेले विमान चार-पाच दिवसांनी पुन्हा आपल्या हद्दीत आले तेव्हाही ते मुंबईतच उतरवले गेले होते. २००९ मध्ये अधिकाऱ्यांनी एका क्रमांकावरून महासत्तेचे विमान थांबवून ठेवले, याचा मला अभिमान वाटतो. जमिनीवरचा माणूस आपले काम चोख करत होता. १९९१ मध्येही त्याने ते केलेच असणार. तेव्हा कमी पडले ते वरचे मजले.

धोरणाच्या पातळीवर उत्तर यायला पंचवीस वर्षे लागली. २९ ऑगस्ट २०१६ रोजी वॉशिंग्टनमध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री ॲश्टन कार्टर यांनी रसदविषयक करारावर सह्या केल्या. गोव्याच्या या नेत्याला तेव्हा पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगावी लागली: यात तळ देण्याचा संबंध नाही. करार आहे तो इंधन, दुरुस्ती, अन्न, निवारा अशा गोष्टी एकमेकांना देण्याचा आणि त्याचा हिशेब चुकता करण्याचा. बंदरभेटी, संयुक्त सराव, प्रशिक्षण आणि आपत्तीतली मदत यांसाठी तो मुख्यतः आहे; त्यापलीकडची प्रत्येक विनंती त्या त्या वेळी पाहून ठरवायची. याआधी हाच विषय अनेक वर्षे रेंगाळला होता, आणि त्या रेंगाळण्यात १९९१ च्या आठवणीचा वाटा होता असे मी मानतो.

सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकी नौदलाचे पी-८ जातीचे टेहळणी विमान पोर्ट ब्लेअरला उतरले, इंधन घेतले आणि गेले. लडाखमध्ये चीनशी तणाव होता, त्यामुळे बातमी झाली, पण संसदेत गदारोळ झाला नाही, कोणी सरकारचा पाठिंबा काढला नाही. करार लोकांसमोर होता, त्यावर आधी भांडण होऊन गेले होते. ते विमान कुठल्या युद्धावर निघालेले नव्हते हेही खरे. तसे निघालेले विमान ज्या दिवशी उतरू देण्याची विनंती करेल, त्या दिवशी या कराराचे कुठलेच कलम भारताला हो म्हणायला बांधत नाही. ती फाइल परराष्ट्र मंत्रालयात नव्याने उघडावी लागेल, आणि परवानगी दिल्यानंतर मध्येच युद्ध सुरू झाले तर तीच फाइल दुसऱ्यांदाही.